डब्यावर ‘सेफ’ का लिहीत नाहीत?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली, की कृषी सेवा केंद्रात एक प्रश्न हमखास येतो : ‘हे औषध सेफ आहे ना?’ हो म्हणणाऱ्याचं काही जात नाही. डब्यावर मात्र हा शब्द छापायला मनाई आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे लेबलवर ‘सेफ’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे दावे करता येत नाहीत. ‘सूचनेप्रमाणे वापरल्यास’ अशी पुस्ती जोडली तरीही नाही.

मग हिरवा त्रिकोण? तो म्हणजे सेफ, हा सगळ्यांत पक्का गैरसमज. लेबलवरच्या चौकोनातल्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंग विषाच्या उतरत्या तीव्रतेने येतात. प्रयोगातले निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात, यावरून रंग ठरतो. तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत पुरत असेल तर लाल. ५,००० हून जास्त लागत असेल तर हिरवा. हिरव्यावरही ‘सावधान’ अशा अर्थाची सूचना असतेच. रोज, महिनोन्महिने अंगावर उडणाऱ्या तुषारांबद्दल हा रंग काहीच सांगत नाही.

‘तोंडाला रुमाल बांधला, झालं.’

हे तर जास्तच घातक. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं कातडीतूनही शरीरात जातात. रुमाल किंवा सदरा ओला झाला, की तेच विष अंगाला चिकटून बसतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला भिडली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. भरीला एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशकं कालवली जात होती. हातमोजे, चष्मा, मास्क बहुतेकांकडे नव्हते.

दूध किंवा लिंबूपाणी पाजल्याने विष उतरत नाही. जातो तो वेळ. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेवर डॉक्टर अॅट्रोपिन देतात, इतर गटांचे उपचार वेगळे. म्हणून फवारणी करताना गरगरलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या.