खेळाला परीक्षक हवेत

पटावरचा खेळ रचणारा माणूस स्वतःच्या खेळाचा चांगला परीक्षक होऊ शकत नाही. नियम त्याच्या डोक्यात इतके मुरलेले असतात, की कागदावर काय लिहायचे राहिले ते त्याला दिसतच नाही. जर्मनीत १९९५ साली आलेला 'कॅटन' हा गाजलेला खेळ क्लाउस टॉयबर यांनी आधी घरच्यांबरोबर खेळून घडवला. पण घरची माणसे प्रेमाने उणिवा सांभाळून घेतात. पुढची पायरी परक्यांचीच असते.

न लिहिलेला नियम किती घोळ घालतो, हे आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात दिसते. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई आणि शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याला त्या पट्टीतल्या मोहऱ्याचे पद मिळे. प्रांतोप्रांती यात फरक असत. आपलेच नियम सर्वांचे, असे धरून चालल्यामुळे ते कुणी बोलून दाखवत नसे. बाहेरगावचा खेळाडू समोर बसला, की वाद होई. नव्या खेळाच्या कर्त्याला हाच वाद छपाईच्या आधी हवा असतो.

समजा, शेवगावात कुणी गोदावरीच्या पाणीवाटपावर तीन तासांचा खेळ रचला: एक खेळाडू नाशिकचा, एक नगरचा, एक मराठवाड्याचा. पुण्या-मुंबईचे सराईत खेळाडू कोणती चाल दर वेळी जिंकून देते ते चटकन ओळखतील. पण शेवगाव जिल्ह्याने नगरचे, म्हणजे पाणी सोडणाऱ्यांच्या बाजूचे. आणि तरी जायकवाडीच्या नाथसागरात याच तालुक्यातली गावे गेली. टंचाईत तूट सर्वांनी वाटून घ्यावी, असे २००५चा कायदा सांगतो. मग या तालुक्याने पटावर कुठे बसायचे? धरणग्रस्त घरातला माणूस हा प्रश्न पहिल्याच फेरीत विचारील. सराईत खेळाडूला तो सुचणार नाही.

शेतकरी असा खेळ खेळतील का, ही शंका नको. आंध्र प्रदेशातल्या गावांत संशोधकांनी भूजलाचा खेळ शेतकऱ्यांबरोबर खेळवला आहे. त्यात पिकाच्या निवडीवर पाण्याची पातळी ठरते.

तेव्हा शोध जवळूनच सुरू करावा. बुद्धिबळ शिकवणारे, महाविद्यालयातली मुले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ऊस लावणारे. उसाचा हंगाम ऐन भरात असताना कुणाचे तीन तास मागू नयेत. किती वेळ जाईल ते आधीच खरे सांगावे. तिघे हवे असतील तर चौघांना बोलवावे, कारण एकजण हमखास येत नाही. मराठीतली नियमपुस्तिका पटाशेजारी ठेवून कर्त्याने बाजूला बसावे आणि गप्प राहावे. खेळाडू जिथे अडतील तिथे उत्तर न देता ती जागा टिपून घ्यावी.

पहिल्या बैठकीत फक्त नियमांची परीक्षा होते. डावपेचांची परीक्षा व्हायला तीच मंडळी तिसऱ्यांदा बसावी लागतात. म्हणून नवे आणि मुरलेले असे दोन गट लागतात. शेवटी 'आवडला का?' असे विचारू नये. आपल्याकडे पाहुणा 'छान' म्हणूनच उठतो. कंटाळा कधी आला, कोणती चाल करावीशी वाटली पण नियमाने करू दिली नाही, हे विचारावे. उपाय कर्त्याने शोधावा. परीक्षकाकडून अडचण नेमकी कळली तरी पुष्कळ झाले.