मण्याला भोक कोण पाडतो?

घरात मण्यांचे तोरण असेल तर त्यातला एक सुटा मणी तळहातावर घेऊन नीट पाहा. जेमतेम दोन मिलिमीटरचा दाणा, आणि त्याच्या बरोबर मधून आरपार गेलेले भोक! एवढ्याशा काचेला भोक पाडायला गेलो तर तिचा चुराच व्हायचा. मग हे भोक पाडतो तरी कोण? उत्तर गमतीचे आहे. ते कोणीच पाडत नाही. भोक आधी तयार होते, मणी नंतर.

ही युक्ती भारतातही फार जुनी आहे. पण तिच्या जोरावर एका सबंध मुलखाने जगाला मणी पुरवले, तो मुलूख म्हणजे चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेकडील याब्लोनेत्स आणि त्याच्या आसपासची डोंगरी खेडी. काच करायला वाळू किंवा गारगोटी हवी, भट्टीला लाकूड हवे, आणि गारगोटी कमी तापमानाला वितळावी म्हणून लाकडाच्या राखेतले पोटॅश हवे. तेथील जंगलात हे सारे मुबलक होते. म्हणून सोळाव्या शतकापासून तेथे भट्ट्या उभ्या राहिल्या. शेती बेताचीच, त्यामुळे घरोघर मणी करण्याचा जोडधंदा चालू झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बर्फ ० अंश सेल्सिअसला एकदम वितळतो. काचेला असा निश्चित द्रवणांक नाही. तापवल्यावर ती हळूहळू मऊ होत जाते, काकवीसारखी दाट राहते, आणि म्हणूनच तिची तार ओढता येते. कारागीर मऊ काचेच्या गोळ्यात हवा भरून पोकळी करीत. मग दोघे जण गोळ्याची दोन टोके धरून विरुद्ध दिशांना झपाझप चालू लागत. गोळ्याची लांबच लांब नळी होई. आपल्याला वाटते, ओढताना भोक बुजेल. पण नळीचा बाहेरचा व्यास पन्नासाव्या हिश्शावर आला, तर भोकाचा व्यासही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. भोक लहान होते, नाहीसे होत नाही. आज हेच काम यंत्रे करतात.

या नळीचे बारीक तुकडे केले की मणी झाले. मात्र त्यांच्या कडा धारदार असतात. दोरा तेव्हाच तुटायचा! म्हणून ते भुकटीत घोळवतात, म्हणजे भोकात भुकटी बसते, आणि फिरत्या पिंपात तापवतात. पावसाचा थेंब गोल का होतो, हे तुम्ही शिकला आहात. तोच पृष्ठताण येथे कडा गोल करतो. भुकटीमुळे भोक मिटत नाही आणि मणी एकमेकांना चिकटत नाहीत. या मण्यांचे क्रमांकही उलटे असतात: आकडा मोठा तर मणी लहान. ११ क्रमांकाचा मणी सुमारे दोन मिलिमीटरचा असतो.

मोठे, फुलापानांच्या आकाराचे मणी मात्र काचेच्या कांडीचे टोक मऊ करून चिमट्याच्या साच्यात दाबून काढतात. तेथे भोक खरोखरच सुईने पडते, पण काच मऊ असतानाच.

रंगांची कथा तर मण्यांपेक्षाही मोठी आहे. कोबाल्टने काच निळी होते. १८३०च्या दशकापासून बोहेमियात युरेनियमची संयुगे घालून पिवळी-हिरवी काच करू लागले. जंबुपार किरणांत ती हिरवी चमकते. याखिमोव्ह या खाणीच्या गावी खनिजातून युरेनियमचे रंग काढून घेत आणि उरलेला गाळ रानात टाकून देत. १८९८ मध्ये क्यूरी पतिपत्नींनी रेडियमचा शोध जाहीर केला. पण ते वेगळे करून दाखवायला कित्येक टन माल हवा होता, आणि खनिज महाग! त्यांनी हाच टाकाऊ गाळ पॅरिसला मागवला. रंगीत काचेची हौस नसती, तर हा गाळ त्यांना आयता मिळाला नसता.

या भागातले मणी आफ्रिकेत व अमेरिकेत गेले, आणि बांगड्या व मणी भारतातही भरपूर आले. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ही आयात थांबली, तेव्हा आपल्या फिरोझाबादच्या बांगड्यांना बाजार मिळाला.

याब्लोनेत्सवरचा मोठा घाव दुसऱ्या महायुद्धानंतर बसला. तेथील बहुतेक कारागीर जर्मनभाषक होते. १९४५ नंतर त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. त्यांतील पुष्कळ जण बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ, युद्धात स्फोटके करणाऱ्या एका कारखान्याच्या उद्ध्वस्त जागेवर वसले, आणि त्यांनी तेथे पुन्हा मणी व दागिने करायला सुरुवात केली. कारखाना मागे राहिला तरी बोटांतली कला बरोबर नेता येते. मागे उरलेल्यांनीही धंदा बुडू दिला नाही. याब्लोनेत्स भागात आजही मणी होतात.

मात्र एक प्रकार अगदी काठावर आला आहे. पोनिक्ला गावी तापलेली नळी साच्यात धरून फुंकतात, आणि एका दमात पोकळ मण्यांची माळ फुगते. तिच्या आतून चांदीचा मुलामा देतात; परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटपासून आरसा तयार होतो, तीच ही रासायनिक क्रिया. या मण्यांपासून नाताळच्या झाडाची चांदण्या-नक्षत्रे गुंफतात. २०२० मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा ती एका लहानशा कारखान्याच्या आणि त्याच्यासाठी घरी काम करणाऱ्या कारागिरांच्या हाती उरली होती.