चुंबक आहे, पण खिळा ओढत नाही! मग तो कामाचा कसा?

२०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी परळी वैजनाथचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. अशा विजेच्या प्रत्येक युनिटमागे कोळसा असतो, पाणी असतं. आपले फोटो आणि रील्स साठवणाऱ्या डेटा सेंटर्सनाही सतत वीज लागते. म्हणूनच कमी विजेत माहिती साठवणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू आहे. त्यातलाच एक म्हणजे द्विमितीय अँटिफेरोमॅग्नेट.

हे नेमकं काय असतं?

साध्या चुंबकातले अणू छोट्या होकायंत्रांसारखे एकाच दिशेला तोंड करतात. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये मात्र एक वर, तर दुसरा खाली. बेरीज शून्य, म्हणून खिळा चिकटत नाही. द्विमितीय म्हणजे एक-दोन अणुथरांइतका पातळ.

फायदा काय?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकाच्या दिशेवरून ० आणि १ ठरतात. अँटिफेरोमॅग्नेटला बाहेरचा चुंबक सहज हलवू शकत नाही, त्यामुळे माहिती सुरक्षित राहते. पण मग ती लिहायची कशी? या पदार्थांचा सिद्धांत मांडणाऱ्या लुई नील यांनाही १९७०मध्ये त्यांचा व्यावहारिक उपयोग दिसत नव्हता.

२०१८मध्ये संशोधकांनी क्रोमियम आयोडाइडचे दोन थर ठरावीक चुंबकीय क्षेत्रात ठेवले आणि फक्त व्होल्टेज बदलून त्यांची मांडणी पालटली. विरुद्ध दिशेचे थर एका दिशेला आले. यालाच स्विचिंग म्हणतात. मोठा विद्युतप्रवाह नाही, त्यामुळे उष्णताही कमी.

मग अडलंय कुठे?

हा पदार्थ साधारण उणे २२८ अंश सेल्सिअसखालीच असा वागतो आणि हवेत लवकर खराब होतो. परळीच्या उन्हात चालेल असा पदार्थ सापडला, तरच तो आपल्या मोबाइलपर्यंत पोहोचेल.