आठ ऑगस्ट आणि नगरचा किल्ला

तारखांच्या योगायोगात फार अर्थ शोधू नये, हे मान्य. वर्षाचे दिवस ३६५ आणि शतकांच्या घटना त्यांतच बसवायच्या, म्हणजे गाठी पडणारच. तरीही ८ ऑगस्टपाशी नगरच्या माणसाने थांबावे असे मला मनापासून वाटते. इंग्रजांनी नगरची पेठ घेतली ती याच तारखेला. त्यांनी हा देश सोडावा हा ठराव मुंबईत झाला तोही याच तारखेला, आणि ठराव करणाऱ्या पुढाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी आणून ठेवले नगरच्या किल्ल्यात.

पहिली घटना १८०३ ची. दौलतराव शिंद्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि युद्धाला तोंड फुटले. आर्थर वेलस्लीच्या फौजेचा तळ वाळकीला होता. पावसाने तिला अडवून धरले होते. ८ तारखेला ती निघाली ती थेट पेठेच्या तटापाशी आली. पेठ म्हणजे आजचे जुने शहर; किल्ला तिच्या पूर्वेला, वेगळा. पेठेत शिंद्यांच्या पलटणीचे लोक आणि अरब शिपाई होते. शरण येण्याचा निरोप त्यांनी धुडकावला, तेव्हा तीन तुकड्यांनी तीन ठिकाणी हल्ला चढवला.

तट उंच, बुरूजही भक्कम. पण तटाला आतून फांजीच नव्हती. शिडी चढून वर पोचलेल्या शिपायाला पाय टेकायला जागा मिळेना आणि समोरून अरबांचा मारा चालूच. अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीचे लोक इथे पडले. अखेर बुरुजावरून काही जण आत उतरले, गल्ल्यांतून झुंज झाली आणि पेठ पडली. इंग्रजांच्या छावणीतल्या गोखले सरदाराने पुण्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे: हे लोक सकाळी आले, तट ओलांडला आणि न्याहारीला परत गेले, असा त्याचा आशय. इंग्रजी इतिहासांनी ते आवडीने छापले. पेठ लढवणाऱ्यांपैकी कुणाचे नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

१२ ऑगस्टला किल्लाही गेला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, त्या मोहिमेला नगर हे पाठीमागचे ठाणे ठरले. पुढे भिंगारला छावणी वसली. बोअर युद्धातले कैदी नगरला आले, पहिल्या महायुद्धात जर्मनही आले. भोवती खंदक, शेजारी लष्कर आणि मुंबईपासून दूर, पण रेल्वेने पोचता येईल असे ठिकाण. म्हणून १९४२ मध्ये सरकारची नजर इथे वळली, त्यात योगायोग नाही.

गवालिया टँकवर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री ठराव झाला. पहाटे धरपकड झाली. खास गाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले, आणि नेहरू, पटेल, आझाद, कृपलानी, शंकरराव देव आदी मंडळींना पुढे नगरला. आसफ अली त्याच गाडीत होते. इकडे त्यांच्या पत्नी अरुणा यांनी गवालिया टँकवर तिरंगा फडकावला.  

किल्ल्यात नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली, ती मित्राला धाडता येत नव्हती तरीही. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी वारल्या. आजारपणात त्यांना भेटू द्यावे म्हणून सरकारपुढे हात पसरायला आझाद तयार झाले नाहीत. मार्च १९४५ मध्ये कैद्यांना इथून हलवले.

या तारखेची नगरकरांची आणखी एक बाजू आहे, आणि ती शाळेत शिकवावी अशी माझी इच्छा आहे. देशाचे पुढारी नगरच्या तटाआड असताना नगरचेच अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहून चळवळ चालवत होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारालाही त्यांचे पाठबळ होते. पोलीस शोधात होते, पण अच्युतराव त्यांच्या हाती लागले नाहीत.