पाइप बदलला, पाण्याचं काय?

गॅरेजच्या बाकावर काढून ठेवलेला तुटका कूलंट पाइप हातात घेऊन पाहावा. लांबून तो काळा आणि दणकट दिसतो. तुटलेल्या तोंडाशी मात्र रंग विटून मळकट तपकिरी झालेला असतो आणि कडेला अंगठ्यानं जरा दाबलं की पापडासारखा तुकडा निघून येतो. भिंगाखाली त्या कडेला केसाहून बारीक, पांढुरके तंतू उभे राहिलेले दिसतात. ते काचेचे असतात. हाच पाइप नवा असताना पक्कडीनं पिळला तरी दाद देत नाही. मग काही वर्षांत त्याची ही दशा का होते?

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदमध्ये हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. मे महिन्यात इथं पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. उत्तरेला सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरकडे जाणारी वाट, दक्षिणेला नांदुऱ्याकडे पसरलेला काळ्या मातीचा सपाट मुलूख आणि तालुक्याच्या मोठ्या भागात जमिनीखाली खारं पाणी. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची सगळ्या बाजूंनी परीक्षा घेणारी ही जागा आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जाच चाकं फिरवण्याच्या कामी येते. तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली बरीचशी उष्णता कूलंटला उचलून न्यावी लागते. वॉटर पंप हे कूलंट इंजिनाच्या पोटातून फिरवतो, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. रेडिएटरचं झाकण ही यंत्रणा दाबाखाली ठेवतं. बाहेरच्या हवेइतकाच आणखी एक दाब आत चढला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. उकळी लांबवण्यासाठी हा दाब हवाच, पण पाइपाची प्रत्येक भिंत आणि प्रत्येक सांधा तो आतून सतत ढकलत असतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं की वाफेचा लोट तोंडावर येतो, तोही यामुळेच.

घाटात हे सगळं टोकाला जातं. लादलेली पिकअप दुसऱ्या गिअरवर रखडत चढते, इंजिनावर भार पुरेपूर असतो, पण वेग नसल्यानं रेडिएटरला वारा लागत नाही; सगळी मदार पंख्यावर. माथ्यावर पोचल्या पोचल्या चावी फिरवून इंजिन बंद केलं, तर पंपही थांबतो. तापलेल्या धातूतली उष्णता मग जागच्या जागी उभ्या कूलंटमध्ये उतरते आणि त्याचं तापमान बंद गाडीतसुद्धा काही मिनिटं वाढत राहतं. प्लॅस्टिकच्या पाइपावर सर्वांत कठीण वेळ येते ती अशीच. चढ संपल्यावर इंजिन एखाददोन मिनिटं नुसतं चालू ठेवण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता शास्त्राला धरून आहे.

आता त्या काळ्या पाइपाकडे. बहुतेक गाड्यांत तो नायलॉन ६६ चा असतो आणि मजबुतीसाठी त्यात साधारण तीस टक्के काचतंतू मिसळलेले असतात. डू पाँट कंपनीत वॉलेस करॉदर्स यांच्या चमूनं १९३५ मध्ये हे नायलॉन तयार केलं. प्रत्येकी सहा कार्बन असलेले दोन रेणू एकमेकांना जोडत लांबच लांब साखळी करायची, ही त्याची रीत. दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. गोम इथंच आहे. पाणी काढून जी साखळी गुंफली, तिच्यात तापलेलं पाणी परत शिरलं की तीच जोडणी उलट दिशेनं सुटू लागते. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉलही तेच करतं. साखळ्या आखूड होतात, प्लॅस्टिकची लवचीकता जाते आणि काचतंतूंना धरून ठेवणारी पकड सुटते. नायलॉन वितळायला २६० अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून तापलेल्या कूलंटचे ११० अंश त्याला सहज झेपतील असं वाटतं. पण वितळणं वेगळं आणि आतून विरत जाणं वेगळं. अशा रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानानं दुप्पट होतो, हा हिशेब धरला तर गरम प्रदेशातल्या, सतत ओढ सोसणाऱ्या गाडीचा पाइप लवकर का म्हातारा होतो ते कळतं.

तो तुटतो तेही ठरल्या जागी: नळीच्या मानेशी, क्लिप जिथं आवळते तिथं, किंवा साच्यात ओतताना प्लॅस्टिकचे दोन प्रवाह जिथं येऊन मिळाले त्या रेषेवर. अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. होज बदलायला म्हणून जुनी ओढली, की पाइपाचं तोंडच तिच्याबरोबर हातात येतं.

महागड्या गाड्याही यातून सुटल्या नाहीत. पोर्शेच्या पहिल्या पिढीच्या कायेनमध्ये साडेचार लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाचे कूलंट पाइप प्लॅस्टिकचे होते. ते बसवले होते इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या दरीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. पाइप तडकले की कूलंट त्या दरीत साचून स्टार्टरच्या दिशेनं झिरपायचं. दुरुस्तीसाठी वरचा सगळा संसार उतरवावा लागे. पुढं कंपनीनंच ॲल्युमिनियमचे पाइप आणले. अमेरिकेतले मालक कोर्टात गेले, खटले ओहायोतल्या फेडरल कोर्टासमोर एकत्र आले आणि अखेर तडजोड झाली. जनरल मोटर्सच्या ३८०० या नावाजलेल्या सहा सिलिंडरी इंजिनाला प्लॅस्टिकची दोन छोटी वळणं होती. बाकी इंजिन लाखो किलोमीटर चाले, पण ती वळणं कुजत. त्यांच्या जागी बसणारी ॲल्युमिनियमची वळणं आज सुट्या भागांच्या बाजारात सर्रास मिळतात. फोर्डच्या एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनातही ऑक्टोबर २०११ ते ऑक्टोबर २०१३ या काळातला नायलॉनचा कूलंट पाइप ब्रिटनमध्ये वादाचा विषय ठरला होता.

तरीही कंपन्या प्लॅस्टिक सोडत नाहीत, आणि याला निव्वळ कंजुषी म्हणणं अन्यायाचं होईल. तीन फाटे आणि दोन वळणांचा पाइप एका साच्यातून एका झटक्यात निघतो, वजन कमी भरतं, गंज चढत नाही. २०२२-२३ पासून आपल्याकडे प्रत्येक कंपनीच्या नव्या कारचं सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन गाड्यांच्या वजनानुसार ठरणाऱ्या, किलोमीटरला साधारण ११३ ग्रॅमच्या आसपासच्या मर्यादेत ठेवावं लागतं. तिथं गाडीतून उतरवलेला प्रत्येक किलो मोलाचा असतो. गरम पाण्याला पुरून उरणारी प्लॅस्टिकंही आहेत, उदाहरणार्थ पीपीएस. ती महाग पडतात. वापरली तर मात्र टिकतात, आणि ती वापरावीत अशी मागणी गिऱ्हाइकानं करायला हवी.

पाइप बदलण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. इंजिन पूर्ण गार हवं. जुन्या पाइपाचा बुडखा इंजिनाच्या भोकात अडकून राहिला, तर तो कोरून काढताना एकही कपची आत पडता कामा नये. ती फिरत फिरत थर्मोस्टॅटमध्ये किंवा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. बैठक पुसून स्वच्छ करायची, खरखरीत पॉलिश पेपरनं घासायची नाही, कारण ओरखड्यातून कूलंट वाट काढतं. ओ-रिंग सहसा ईपीडीएम रबराची असते. तिला हाताशी असलेलं नेहमीचं ग्रीस फासलं की खनिज तेलामुळे ती फुगते आणि मऊ पडते. त्यापेक्षा कूलंटचाच हात फिरवून ती बसवावी. लेथवर ॲल्युमिनियमचा पाइप करून घ्यायचा असेल, तर टर्नरनं ओ-रिंगची खाच मापात आणि गुळगुळीत ठेवली आहे ना, हे आधी पाहावं. तडकलेल्या पाइपावर इपॉक्सीचा लेप देऊन घरापर्यंत पोचता येतं, पण पाइप आतून विरलेला असल्यानं तो लेप धरतो कशाला, हा प्रश्न उरतोच. शेवटी यंत्रणेतली हवा काढायची. हवेचा बुडबुडा सिलिंडर हेडमध्ये अडकला तर तेवढ्या भागाला कूलंट मिळत नाही, आणि काटा लाल रेषेकडे जाईपर्यंत हेड वाकलेलं असू शकतं.

इथवरची गोष्ट कुठल्याही गावातल्या गॅरेजची आहे. जळगाव जामोदची गोष्ट यापुढं सुरू होते, कारण नवा ॲल्युमिनियमचा पाइप बसल्यावर रेडिएटरमध्ये ओतायचं काय?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा या तालुक्यालाही कवेत घेतो. विहिरी आणि बोअरच्या पाण्यात सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट भरलेले. पिण्यासाठी म्हणून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांकरिता वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली, यातच सगळं आलं. रस्त्यात गाडी तापली की शेजारच्या शेतातल्या बोअरचं बादलीभर पाणी ओतायचं, ही इथली जुनी सवय आहे. प्लॅस्टिकच्या पाइपाला त्यातलं मीठ फारसं काही करत नाही. ॲल्युमिनियमला करतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ, पारदर्शक थर असतो आणि तोच धातूला वाचवतो. क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदतं आणि तिथून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे खोल उतरत जातात. इंजिनात ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम आणि कधी तांबं-पितळ एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेलं असलं, तर त्याची नकळत बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम आधी झिजतं. शिवाय पाणी जड असेल तर गरम भिंतींवर क्षाराचं कीटण बसतं. ॲल्युमिनियमच्या तुलनेत ते शंभरपटीहून कमी उष्णता वाहून नेतं. म्हणजे महागाचा धातूचा पाइप बसवून वर बोअरचं पाणी ओतलं, तर एक आजार काढून दुसरा घेतल्यासारखं होतं. पाइप आणि पाणी ही इथं एकच दुरुस्ती समजायला हवी.

उपाय गावातच मिळतो. कंपनीनं सांगितलेलं कूलंट घ्यावं. ते तयार मिश्रण नसेल, तर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितल्या प्रमाणात मिसळावं. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. धातूवर संरक्षक थर धरणारी रसायनं त्यात असतात, ती वापरात संपतात, म्हणून कूलंट मुदतीत बदलायचं. इथं थंडी गोठवणारी नसते, तेव्हा ते कशाला, असं विचारलं जातं. पण उकळबिंदू वर नेणं आणि गंज रोखणं ही त्याची दोन कामं वऱ्हाडात काश्मीरइतकीच महत्त्वाची आहेत. वाटेत खारं पाणी ओतावंच लागलं, तर घरी आल्यावर सगळी यंत्रणा रिकामी करून डिस्टिल्ड वॉटरनं धुवावी. उन्हाळा आहे म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धतही सोडायला हवी. त्यानं इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जळतं. मूळ दोष रेडिएटरमध्ये किंवा पंख्यात असेल तर तो तसाच राहतो.

काढलेलं जुनं कूलंट गॅरेजच्या दारातल्या नालीत सोडू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री आणि शेळ्या ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि कॅल्शियमशी मिळून त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. माणसाचंही तेच होतं. खारपाणपट्ट्यातली गावं मूत्रपिंडाच्या दुखण्यांनी आधीच बेजार आहेत. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये, वर ठळक नाव लिहून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये.