गुलाबी गोळी, अमेरिकेची बाटली आणि एआयची चिठ्ठी



'अ‍ॅनिमिया मुक्त भारत'ची गुलाबी गोळी आपण सगळेच आठवड्यातून एकदा मुलांना देतो. ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठीच्या या गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. परवा गोळ्या देत होते, तेव्हा दुसरीतल्या एका मुलीची आई दारात आली. हातात बाटली.

"बाई, हिच्या मावशीनं अमेरिकेहून पाठवलीय. चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत. मोबाईलमधल्या एआयला विचारलं, तर तो म्हणतो दोन्ही चालतील. देऊ का?"

मी विचारलं, "त्याला बाटलीवरचं लेबल दाखवलं का?"

"नाही, नुसतं नाव लिहिलं."

इथेच खरी गोम आहे. नुसतं नाव दिलं की एआय बरेचदा आठवणीतून बोलतो. एकाच नावाच्या तीन-चार बाटल्या बाजारात असतात. एकीत लोह असतं, एकीत नसतं, एक मोठ्यांसाठी असते. उत्तर मात्र ठणठणीत आवाजात येतं!

यावर उपाय म्हणून आता एआयच्या हाताशी शोधसाधनं दिली जातात. म्हणजे काय? वर्गातले खडू संपले की आपण एखाद्या मुलाला चिठ्ठी देऊन ऑफिसात पाठवतो. चिठ्ठीत लिहितो, 'पांढरे खडू, एक बॉक्स.' मूल जातं, बॉक्स घेऊन येतं. एआय एजंट असंच करतो. तो 'उत्पादनाचं नाव, घटक, वय' अशी चिठ्ठी लिहितो. शोधसाधन ती घेऊन माहितीसाठ्यात जातं आणि लेबलवर जे आहे ते परत आणतं. मग एजंट त्यावरून उत्तर लिहितो. अशा चिठ्ठ्यांची एक सामाईक पद्धत असावी म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला.

साठा कुठला? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा आहारपूरकांच्या लेबलांचा मोठा साठा आहे. त्यात दोन लाखांहून जास्त लेबलं आहेत आणि तो सगळ्यांना मोफत बघता येतो. बाजारातून गेलेल्या उत्पादनांची लेबलंही त्यात आहेत, म्हणून तारीख बघावीच लागते.

आता गणिताचा भाग. मला यात सगळ्यात जास्त रस आहे, कारण चुका इथेच होतात. ड जीवनसत्त्व कुठे 'आययू'मध्ये लिहितात, कुठे मायक्रोग्रॅममध्ये. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. आपल्याकडे डॉक्टर आठवड्याला जी ६०,००० आययूची पुडी देतात, ती १,५०० मायक्रोग्रॅमची झाली. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत तर हजारपटीचा फरक! लोहाची गंमत आणखी वेगळी. २०० मिलिग्रॅम सुक्या फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असतं. चांगलं साधन आकड्यासोबत एकक देतं, तो आकडा किती गोळ्यांचा आहे तेही देतं. नुसता '१८' आला तर आपण पाचवीच्या पेपरातसुद्धा अर्धा गुण कापतो.

आणि बाटली सापडलीच नाही तर? साधनाने सरळ 'सापडली नाही' म्हणायला हवं, आणि एजंटनेही तेच सांगायला हवं. पांढरे खडू नव्हते म्हणून मुलाने गुपचूप रंगीत आणले, तसं इथे चालणार नाही.

दुसरी गोष्ट, लेबल म्हणजे तपासणी नव्हे. अमेरिकेत आहारपूरकं विकण्याआधी त्यांच्या औषध प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागत नाही. साठ्यात दिसतं ते कंपनीने छापलेलं. आपल्याकडच्या बाटलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ शोधा. बरेच पालक दुकानातली पावडर औषध समजूनच देतात, हे मी दरवर्षी बघते.

तर त्या आईसोबत पायरीवर बसून मी लेबल वाचलं. एका गोळीत १८ मिलिग्रॅम लोह, रोज एक. खाली चौकटीत इशारा होता, की लोहाची चुकून झालेली अतिमात्रा हे सहा वर्षांखालच्या मुलांच्या जीवघेण्या विषबाधेचं एक प्रमुख कारण आहे. अमेरिकेत लोह असलेल्या पूरकांवर तो छापावाच लागतो. आई एकदम गप्प झाली. तिचा धाकटा साडेतीन वर्षांचा आहे, आणि बाटलीतल्या गोळ्या दिसायला अगदी चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या.

दोन्ही द्यायच्या की नाही, हे मी सांगितलं नाही. ते ना माझं काम, ना मोबाईलचं. लेबलचा फोटो काढून घ्यायला लावला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी मुलीचं वजन केलं, हिमोग्लोबिन बघितलं आणि सध्या शाळेचीच गोळी पुरे म्हणाले. बाटली आता त्यांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात आहे. मावशीला तिने फोन करून सांगितलं, "पुढच्या वेळी रंगपेटी पाठव गं."