रद्दीतले पणजोबा

घरातली मोठी माणसं पेपरात आधी काय वाचतात? पहिलं पान, मग क्रिकेट आणि मग राशिभविष्य. (शेवटचं कोणी कबूल करत नाही.) तुम्हाला मात्र जुन्या पेपरात तुमचे पणजोबा शोधायचे असतील, तर या तिन्ही पानांचा उपयोग नाही. आतल्या पानावर जा, जिथे मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहीर नोटीस', 'निधन', 'हरवले आहे' असलं काहीबाही छापलेलं असतं.

जाहीर नोटीस हा माझा लाडका प्रकार. वाचायला महाकंटाळवाणी! पण शेतजमिनीच्या व्यवहाराची नोटीस नीट बघा. माणसाचं नाव वडिलांच्या नावासकट, गाव, तालुका, जमिनीचा नंबर आणि पुढे चतुःसीमा: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस नाला, उत्तरेस गाडरस्ता. म्हणजे शोधायला गेलात एका पणजोबांना आणि शेजारीही भेटले. पूर्वी शालान्त परीक्षेचा निकालही पेपरात छापून यायचा. त्यात नाव नसायचं, फक्त बैठक क्रमांक. आजीचं जुनं हॉलतिकीट सापडलं, तर त्या आकड्यांच्या गर्दीत आजी सापडू शकते.

तुम्ही नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या भागातले असाल, तर दोन फसव्या जागा आधीच सांगून ठेवतो. पहिली म्हणजे जिल्ह्याचं नाव. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीच्या बातम्या धुळे जिल्ह्याच्या नावाखाली मिळतील, त्याआधीच्या पश्चिम खानदेशाच्या, आणि १९०६ च्याही मागे गेलात तर नुसत्या खानदेशाच्या. गाव तिथेच बसून होतं, वरची पाटी बदलत गेली. दुसरी फसवी जागा म्हणजे भाषा. नंदुरबारातल्या कितीतरी व्यापारी घरांत गुजराती बोलतात आणि तापीच्या काठाकाठाने जाणारी रेल्वे सरळ सुरतेला पोचते. तेव्हा पणजोबा मराठी पेपरात दिसले नाहीत, तर सुरतेच्या 'गुजरातमित्र'मध्ये डोकवावं. तो १८६३ पासून निघतो आहे!

आता एक कोडं. समजा, १३ सप्टेंबर १९४२ चा, रविवारचा एक साप्ताहिक अंक तुमच्या हाती आला. त्यात लिहिलंय, 'गेल्या बुधवारी नंदुरबारात गोळीबार झाला.' तारीख कोणती? बोटं मोजा. बरोबर, ९ सप्टेंबर. त्याच दिवशी मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा तिरंगा हातात असताना शहीद झाला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा ही चार मुलंही गेली. पेपरातली तारीख ही छापण्याची असते, घटनेची नव्हे. 'काल', 'परवा', 'गेल्या बुधवारी' यांचं गणित आपणच करायचं. शिवाय त्या ऑगस्टपासून 'छोडो भारत' आंदोलनाच्या बातम्यांवर इंग्रज सरकारने कडक बंधनं घातली होती. त्यामुळे त्या काळातला पेपर वाचताना जे छापलंय त्याच्या जोडीला काय छापू दिलं नसेल, हेही मनात धरायला हवं.

आणि जे कधी पेपरात आलेच नाहीत त्यांचं काय? नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांत जवळपास सात आदिवासी आहेत: भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर कोणी वारलं म्हणून पेपरात कोण चौकट देणार? मात्र सरदार सरोवर धरण आलं आणि अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात गेली. तेव्हा मणिबेलीसारख्या गावांची नावं पेपरात सारखी झळकू लागली. भूसंपादनाच्या कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली होती आणि जमीन घेण्याआधीची सूचना त्या भागातल्या दोन दैनिकांत छापणं सक्तीचं झालं होतं. दोनांपैकी निदान एक स्थानिक भाषेतलं. पण इथेही गोम आहे. अनेक घरं पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती, ती कागदावर वनखात्याची होती. त्यांचं नाव नोटिशीत येणार कुठून? तिथे आजोबांच्या शेजारी बसून त्यांना विचारणं हाच खरा मार्ग.

जुना पेपर हातात घेतलात की त्याचा रंग बघा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. लाकडाचे तंतू धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ त्यात बराच शिल्लक राहतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याला पिवळा करतात. कागदात हळूहळू आम्लही तयार होतं आणि तंतू तुटून कागद पापडासारखा मोडतो. खरं वाटत नसेल, तर आजच्या रद्दीतलं एक पान गच्चीवर ठेवा, अर्ध्या भागावर जाड पुस्तक. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन असेल, तर काही दिवसांतच फरक दिसेल. गंमत म्हणजे भारतातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना आपल्या भुसावळच्या पलीकडे, खांडव्याच्या वाटेवर नेपानगरला उभा राहिला. तिथे सालईचं लाकूड आणि बांबू वापरून कागद बनवत. सालई सातपुड्यातही उगवते!

घरात एखादं कात्रण सापडलं, तर त्याला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक कागदावर तपकिरी डाग सोडतो. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा काढता येत नाही. झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या, आणि पेपराचं नाव आणि तारीख वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहून सोबत ठेवा. बहुतेक वेळा कापणाऱ्याने तारीखच उडवलेली असते. मग कात्रण उलटं करा. मागे अर्धवट कापलेली सिनेमाची जाहिरात, कापसाचे बाजारभाव, नाहीतर निवडणुकीची बातमी असेल. 'आजपासून प्रदर्शित' एवढं जरी दिसलं, तरी त्या सिनेमाचं साल शोधून काढा, अंकाच्या तारखेचा माग लागेल.